घोट्यातल्या कूर्चेची इजा आणि तिच्यावरची शस्त्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाय मुरगळला, बर्फ लावला, पट्टा बांधला, सूज उतरली. पण महिने उलटले तरी घोट्याच्या आत खोलवर काहीतरी ठणकतच राहिलं. मग एमआरआय झाला आणि अहवालात 'ऑस्टिओकाँड्रल लेजन ऑफ द टॅलस' असे भारदस्त शब्द आले. अर्थ एवढाच, की घोट्यातल्या टॅलस नावाच्या हाडावरच्या कूर्चेला आणि तिच्याखालच्या हाडाला इजा झाली आहे. शस्त्रक्रियेची चौकशी बहुतेकांची इथूनच सुरू होते. पहिला प्रश्न हमखास असतो, 'सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं?' असा विचारला तर त्याला उत्तर नाही. इजा केवढी आहे, तिच्याखालच्या हाडाची काय अवस्था आहे आणि ती मुळात झाली कशामुळे, या तीन गोष्टी कळल्या की ऑपरेशन बऱ्यापैकी आपोआप ठरतं. खालच्या उत्तरांत या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील; त्याला इलाज नाही.

कूर्चा म्हणजे काय? घोट्यात ती कुठे असते?

हाडांची टोकं जिथे एकमेकांवर सरकतात तिथे त्यांच्यावर पांढरा, चकचकीत, गुळगुळीत थर असतो. तीच कूर्चा, बोलताना सगळे 'कार्टिलेज'च म्हणतात. घोट्यात तीन हाडं भेटतात. वरून नडगीचं हाड, बाहेरच्या बाजूने त्याच्या शेजारचं बारीक हाड, आणि या दोघांनी मिळून केलेल्या खाचेत खालून बसलेलं टॅलस. आपल्याला हाताला लागणारे आतले-बाहेरचे दोन उंचवटे म्हणजे या खाचेच्या भिंती.

टॅलस हे जरा विचित्रच हाड आहे. त्याच्या पृष्ठभागाचा जवळपास ६० टक्के भाग कूर्चेने झाकलेला असतो आणि त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडीच उरते. वरची कूर्चाही पातळ, साधारण १ ते १.५ मिलिमीटर. एवढ्याशा थरावर चालताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तरीही झिजेचा संधिवात घोट्याला गुडघ्याच्या मानाने फार कमी वेळा होतो, हे त्या थराचं कौतुकच. अडचण येते ती इजा झाल्यावर. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे कातडीची जखम भरते तशी ती भरत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही. आजच्या सगळ्या शस्त्रक्रिया त्या एका वाक्याशी झगडत आहेत असं म्हटलं तरी चालेल.

नुसतं मुरगळण्याने एवढं होतं?

होतं. पाऊल आत वळतं तेव्हा टॅलस खाचेत तिरकं होतं आणि त्याची कड शेजारच्या भिंतीवर आपटते. कधी फक्त कूर्चा खरचटते, कधी तिच्यासकट खालच्या हाडाची कपची निघते. बर्न्ट आणि हार्टी या संशोधकांनी १९५९ मध्ये या इजेच्या चार पायऱ्या मांडल्या: हाड फक्त दबलेलं, तुकडा अर्धवट सुटलेला, पूर्ण सुटलेला पण जागेवर, आणि जागा सोडून गेलेला. ही वाटणी अजूनही डॉक्टरांच्या बोलण्यात येते.

बाहेरच्या बाजूची इजा सहसा उथळ, चकतीसारखी असते आणि तिच्यामागे ठळक अपघात असतो. आतल्या बाजूची जास्त आढळते. ती वाटीसारखी खोल असते आणि पुष्कळांना कधी लागलं तेच आठवत नाही. वारंवार पाय मुरगळणं, घोट्याचं फ्रॅक्चर, क्वचित हाडाच्या एका भागाचा रक्तपुरवठा कमी पडणं, अशी कारणं निघतात. काही जणांच्या दोन्ही घोट्यांत ती सापडते, म्हणून अंगातली ठेवणही थोडी कारणीभूत असावी असं मानलं जातं.

कूर्चेत वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत म्हणतात. मग दुखतं कुठे?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण पुढचे निम्मे उपचार याच्या उत्तरावर उभे आहेत.

दुखते ती कूर्चा नव्हे, तिच्याखालचं हाड. कूर्चेच्या लगेच खाली हाडाचा एक पातळ, कडक पापुद्रा असतो. त्याला तडा गेला की प्रत्येक पावलागणिक सांध्यातलं वंगणासारखं पाणी दाबाने त्या फटीतून हाडात शिरतं. पाय टेकला की आत, उचलला की दाब कमी. दिवसाकाठी हजारो वेळा. हाडात मात्र नसा भरपूर. सततच्या दाबाने तिथलं हाड हळूहळू विरघळतं आणि पोकळी तयार होते. अहवालात तिला 'सिस्ट' म्हणतात. वरून कूर्चा जेमतेम चिरलेली दिसते आणि खाली वाटाण्याएवढी पोकळी असते, असंही घडतं.

म्हणून फक्त वरचा थर सारखा करून भागत नाही. खालची पोकळी तशीच ठेवून वर कितीही महागडा पडदा चिकटवला तरी तो पाया खचलेल्या जमिनीवर फरशी बसवण्यासारखा प्रकार होतो.

माझा एक्स-रे तर नॉर्मल आला होता. मग?

एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही आणि छोटी कपची सहज सुटते. अशा इजांपैकी बऱ्याच पहिल्या एक्स-रेत निसटतात. मुरगळलेला पाय सहा-आठ आठवड्यांनीही बरा वाटत नसेल, आत खोल दुखत असेल, चालून आल्यावर सूज येत असेल किंवा मध्येच काहीतरी अडकल्यासारखं होत असेल तर एमआरआय करणं योग्य.

एमआरआयचीही एक खोड आहे. हाडातली सूज त्यात पांढरी उमटते आणि इजा आहे त्यापेक्षा मोठी भासते. त्यामुळे शस्त्रक्रिया ठरवायच्या आधी बरेच सर्जन सीटी स्कॅनही मागतात. हाडाचा तुकडा आणि पोकळीचं खरं माप त्यात कळतं. 'एमआरआय झाला ना, मग सीटी कशाला?' ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण दोन्ही तपासण्या वेगळं सांगतात. शिवाय उभं राहून काढलेला एक्स-रे हवाच. टाच आत किंवा बाहेर कललेली आहे का, हे झोपून काढलेल्या चित्रात समजत नाही.

एमआरआयमध्ये इजा दिसली म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल?

नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अशी इजा सापडते आणि त्या माणसाला तिचा काडीचाही त्रास नसतो. अशा वेळी चित्रावर ऑपरेशन करू नये. त्रास असला तरी तुकडा जागा सोडून गेलेला नसेल, तर आधी तीन ते सहा महिने बिनऑपरेशनचे उपचार करून पाहण्याची रीत आहे. काही आठवडे बूट किंवा ब्रेस, उड्या-धावणं बंद, घोट्याभोवतीच्या स्नायूंचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, वजन जास्त असेल तर ते कमी करणं. मोठ्या माणसांत यातून साधारण निम्म्या लोकांना पुरेसा आराम पडतो. मुलांचं हाड अजून वाढत असेल तर निकाल याहून चांगला, म्हणून त्यांच्याबाबत सर्जन जास्त धीर धरतात.

घोट्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की काही आठवडे बरं वाटतं. त्याने इजा मात्र भरत नाही आणि वारंवार घेतल्यास कूर्चेलाच अपाय होऊ शकतो.

थांबू नये असे प्रसंगही आहेत. ताज्या अपघातात मोठा तुकडा सुटून उलटा झाला असेल, किंवा सुटा तुकडा सांध्यात फिरत असल्यामुळे घोटा अडकून बसत असेल, तर महिनोन्‌महिने व्यायाम करण्यात अर्थ नाही.

'आता नाही केलं तर पुढे सांधा खराब होईल' या भीतीने पुष्कळ लोक घाई करतात. एकट्या छोट्या इजेपायी पूर्ण घोटा संधिवाताने निकामी होणं ही सर्वसाधारण वाट नाही. ऑपरेशन दुखण्यासाठी करायचं. भविष्याच्या धाकाने नव्हे.

ऑपरेशनचा प्रकार कशावरून ठरतो?

सगळ्यात आधी माप. बरीच वर्षं १५ मिलिमीटर व्यास, किंवा १५० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ, ही सीमारेषा धरली जायची. त्याच्या आत असेल तर छिद्रं पाडून कूर्चेसारखा थर उगवू द्यायचा, त्याहून मोठी असेल तर रोपण, म्हणजे दुसरीकडून आणलेली कूर्चा बसवणं. नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं, की साध्या छिद्रांचा निकाल सुमारे १० मिलिमीटर व्यासाच्या किंवा १०७ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या पुढेच उतरायला लागतो. त्यामुळे आता १० ते १५ मिलिमीटरची इजा हा वादाचा पट्टा आहे. दोन चांगले सर्जन तिथे दोन वेगळी मतं देतील आणि दोघंही बरोबर असू शकतील.

मापाखालोखाल खोली. हाडात पोकळी आहे का, केवढी? मग जागा: इजेच्या चारी बाजूंना धड कूर्चेची भिंत आहे, की ती अगदी कडेला, टॅलसच्या वळणावर आहे? भिंत असेल तर आतला नवा थर टिकून राहतो. कडेवर असेल तर त्याला आधार मिळत नाही. तुकडा अजून शाबूत आहे का, आधी एखादं ऑपरेशन फसलं आहे का, वय किती, वजन किती, घोटा सैल आहे का, हे सगळं त्यानंतर येतं. टॅलसच्या समोरासमोर नडगीच्या हाडावरही इजा असेल, तर दोन खरबरीत पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि कुठल्याही उपचाराचा निकाल खालावतो.

छिद्रं पाडायचं ऑपरेशन म्हणजे काय?

यालाच मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. घोट्याच्या पुढच्या बाजूला दोन बारीक छेद देऊन दुर्बीण आत जाते. पावलाला पट्टा बांधून सांधा किंचित ताणला जातो, म्हणजे आत जागा होते. लोंबणारी, सैल झालेली कूर्चा खरवडून काढली जाते. कडा उभ्या आणि भक्कम होईपर्यंत. तळाशी उघड्या पडलेल्या हाडात ३-४ मिलिमीटर अंतरावर छोटी छिद्रं पाडली जातात. त्यांतून अस्थिमज्जेतलं रक्त वर येतं, गोठतं, आणि त्या गुठळीतल्या पेशी पुढच्या काही महिन्यांत थर विणतात.

तो थर मूळ कूर्चेसारखा नसतो, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. मूळ कूर्चा बहुतांशी टाइप २ कोलॅजेनची (कोलॅजेन म्हणजे शरीरातलं धाग्यांसारखं प्रथिन); नव्या थरात टाइप १ जास्त, म्हणजे जखमेच्या व्रणाच्या जवळ जाणारा माल. दाब सोसण्याची त्याची ताकद कमी. तरीही छोट्या इजांमध्ये सुमारे ८० ते ८५ टक्के लोकांना पहिल्या काही वर्षांत चांगला आराम मिळतो असं बहुतेक अभ्यास सांगतात. छेद छोटे, धोका कमी, पुढचे मार्ग खुले राहतात. म्हणून १० मिलिमीटरच्या आतल्या, पोकळी नसलेल्या पहिल्या इजेला आजही हेच प्रथम सुचवलं जातं. काळाच्या ओघात हा थर झिजू शकतो, ही त्याची दुसरी बाजू.

निघालेला तुकडा परत बसवता येत नाही का?

येतो, आणि जमण्यासारखं असेल तर तेच करावं असं माझं मत. स्वतःच्या अस्सल कूर्चेची बरोबरी कशालाच नाही. अट एवढीच, की तुकडा पुरेसा मोठा हवा, त्याला खाली हाडाचा धड भाग चिकटलेला हवा आणि वरची कूर्चा कुजलेली नको. कूर्चा कूर्चेला जुळत नाही. जुळतं ते हाड हाडाला. ताज्या अपघातात आणि कमी वयात ही संधी जास्त मिळते.

यात तुकडा झाकणासारखा उचलतात, खालचं मेलेलं हाड खरवडतात, छिद्रं पाडतात, खड्डा असेल तर शेजारून थोडं हाड घेऊन भरतात आणि तुकडा बारीक स्क्रूने किंवा शरीरात विरघळणाऱ्या पिनांनी पक्का करतात.

वरची कूर्चा पूर्ण शाबूत आणि खाली फक्त पोकळी, अशीही एक जात असते. तिथे वरून फोडण्यात काय शहाणपण? एक्स-रे यंत्रात पाहत टॅलसच्या दुसऱ्या बाजूने भोक पाडून पोकळीपर्यंत पोचतात, ती साफ करतात आणि हाड भरतात. चांगल्या कूर्चेला हातही लागत नाही.

गुडघ्यातली कूर्चा काढून घोट्यात बसवतात, हे खरं?

खरं. गुडघ्यात जिथे भार फारसा पडत नाही अशा जागेवरून कूर्चा आणि हाड मिळून एक दंडगोल काढतात आणि इजेच्या जागी तेवढ्याच मापाचं भोक करून तो ठोकून बसवतात. कुणी याला ओट्स म्हणतं. एकाहून जास्त छोटे दंडगोल वापरले की मोझॅकप्लास्टी. मोठी इजा, खोल पोकळी, किंवा आधीचं मायक्रोफ्रॅक्चर फसलेलं असेल तर हा पर्याय पुढे येतो. याची जमेची बाजू म्हणजे पहिल्या दिवसापासून खरी कूर्चा आणि तिच्याखाली खरं हाड मिळतं.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली गुडघ्यात: काही लोकांना घोटा बरा झाल्यावर गुडघा कुरकुरतो, विशेषतः उकिडवं बसताना आणि जिने उतरताना. चांगल्या गुडघ्याला हात लावण्याची ही जोखीम आधी नीट समजून घ्या. दुसरी घोट्यात: आतल्या बाजूची इजा बहुधा अशा कोपऱ्यात असते, की दंडगोल सरळ काटकोनात बसवायला आतल्या घोट्याचं हाडच कापून बाजूला करावं लागतं. काम झालं की ते परत बसवून स्क्रू लावतात. म्हणजे मुद्दाम केलेलं फ्रॅक्चर. ते जुळायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि चुकीच्या कोनात जुळलं तर नवा प्रश्न उभा राहतो. दंडगोल किती उंच राहिला यालाही फार महत्त्व आहे. शेजारच्या कूर्चेपेक्षा एखाद्या मिलिमीटरने वर राहिला तरी सगळा भार त्याच्यावरच येतो.

गुडघ्याला हात लावायचा नसेल तर कमरेच्या हाडातून घेतलेला तुकडा, किंवा दात्याकडून मिळालेलं ताजं टॅलस असेही मार्ग आहेत. दात्याचं हाड खूप मोठ्या इजेसाठी राखून ठेवतात. ते मापाचं आणि ताजं मिळणं हीच मोठी अडचण.

पेशी वाढवून लावतात ती पद्धत? आणि पडदा, पीआरपी, स्टेम सेल?

स्वतःच्या कूर्चेच्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा रोवण्याची पद्धत १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी जगापुढे आणली. घोट्यात ती नंतर आली. पूर्वी पेशींचा द्रव हाडावरच्या आवरणाखाली सोडत. आता त्या कोलॅजेनच्या पडद्यावर पेरून आणतात. दोन ऑपरेशनं लागतात, मध्ये काही आठवडे जातात आणि खर्च मोठा.

याला सोपा पर्याय म्हणून एका बैठकीतली पद्धत निघाली: इजा साफ करायची, पोकळी हाडाने भरायची, छिद्रं पाडायची आणि वरून कोलॅजेनचा पडदा डकवायचा. वर आलेली रक्ताची गुठळी पडद्याखाली टिकून राहावी, ही कल्पना. मध्यम-मोठ्या इजांत याचे निकाल उत्साह वाढवणारे आहेत.

पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा दाट द्रव, आणि अस्थिमज्जेचं घट्ट केलेलं रक्त हे मुख्य ऑपरेशनला जोड म्हणून वापरलं जातं. थोडा फायदा दिसतो असं काही अभ्यास सांगतात. पण 'स्टेम सेलच्या एका सुईने कूर्चा नवी' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर खिशावर हात ठेवा. तशी सुई अजून नाही.

माझा घोटा सतत मुरगळतो. त्याचं काय?

सांगायचं राहून जातं ते हेच. बाहेरचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे, सैल असतील तर टॅलस प्रत्येक वेळी सरकतं आणि नव्या थराला पुन्हा तोच मार बसतो. म्हणून बऱ्याचदा कूर्चेच्या ऑपरेशनसोबतच लिगामेंट घट्ट करतात. १९६६ मध्ये ब्रोस्ट्रॉम या सर्जनने मांडलेली पद्धत थोड्याफार फेरफाराने आजही चालते. टाच कललेली असेल तर टाचेचं हाड कापून किंचित सरकवावं लागतं. 'कूर्चेसाठी आलो आणि टाच कापायला सांगतात' म्हणून लोक दचकतात. पण गाडीचं चाक वाकडं ठेवून नुसता टायर बदलला तर तो किती दिवस टिकणार?

भूल कोणती देतात? किती दिवस राहावं लागतं?

कमरेतून किंवा पूर्ण भूल. जोडीला पायापुरती नस बधिर करतात, त्यामुळे पहिली रात्र बरी जाते. दुर्बिणीचं साधं ऑपरेशन असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. हाड कापलं असेल तर एखाद-दोन दिवस जास्त.

धोके कोणते?

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या. तिथून जाणारी एक संवेदनेची नस छेदाच्या अगदी जवळ असते. बहुतेकदा हे महिन्यांत कमी होतं, काहींचं थोडं राहतं. जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत गुठळी, घोटा आखडणं, कापलेलं हाड न जुळणं, क्वचित संपूर्ण पावलाची आग होत राहणारा चिवट वेदनेचा आजार, हे बाकीचे. आणि सगळ्यात साधा धोका, जो संमतीपत्रात छोट्या अक्षरात असतो: सगळं नीट होऊनही दुखणं पुरेसं कमी न होणं.

पोटरी दुखून सुजली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, जखमेतून पू किंवा ताप आला, बोटं निळी-गार पडली तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना गाठा.

पाय कधी टेकवायचा?

ऑपरेशनचं निम्मं यश इथे आहे आणि ते सर्जनच्या नाही, तुमच्या हातात आहे.

नव्या थराला हालचाल हवी असते पण भार नको असतो. पोषण सांध्यातल्या पाण्यातून मिळतं आणि ते पाणी हलल्याने आत-बाहेर होतं. म्हणून जखम जरा सुकली की घोटा वर-खाली करायला सांगतात, दिवसातून अनेकदा, वजन न टाकता. प्लास्टरमध्ये महिनाभर जखडून ठेवायची जुनी रीत मागे पडली आहे.

मायक्रोफ्रॅक्चरनंतर साधारण दोन ते सहा आठवडे कुबड्या. इजा छोटी असेल तर काही सर्जन लवकर टेकवू देतात, आणि तसं करून निकाल बिघडतो असं दिसलेलं नाही. सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण वजन, तीन-चार महिन्यांनी हलकं धावणं, उड्या आणि वळणांचे खेळ चार ते सहा महिन्यांनी. हाड कापून केलेलं रोपण असेल तर सहा आठवडे पाय अजिबात न टेकवणं, मग एक्स-रेत हाड जुळल्याचं दिसलं की हळूहळू भार. खेळ सहा महिने ते वर्षभराने. पेशी-पडद्याच्या ऑपरेशनचंही असंच.

या आकड्यांपेक्षा तुमच्या सर्जनने दिलेला तक्ता मोठा. दोन मित्रांची ऑपरेशनं एकाच नावाची असली तरी आतली इजा वेगळी असते. त्याने चौथ्या आठवड्यात कुबड्या टाकल्या म्हणून तुम्ही टाकू नका. धोका नेमका तेव्हाच असतो, जेव्हा दुखणं थांबलेलं असतं आणि थर अजून कच्चा असतो.

कामावर आणि गाडीवर कधी?

बसून काम असेल तर पाय उंच ठेवता येत असल्यास दोन-तीन आठवड्यांत. दिवसभर उभं राहायचं असेल तर तीन महिने धरा. ओझी उचलायची किंवा शिडी चढायची असेल तर त्याहून जास्त. गाडी चालवण्यासाठी कुबड्या आणि बूट सुटलेले हवेत आणि ब्रेक जोरात दाबताना पाय कचरायला नको. डाव्या पायाचं ऑपरेशन आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर लवकर जमतं.

आधी काही तयारी करावी का?

सिगारेट, तंबाखू बंद. हाड जुळणं आणि जखम भरणं दोन्ही त्याने मंदावतं; ही एकच गोष्ट कमी वेळात सगळ्यात जास्त फायदा देते. साखर ताब्यात आणा, ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा. आणि कुबड्यांवर जिना चढायचा सराव आधीच करून ठेवा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण नंतर एका पायावर शिकणं फार जड जातं.

सहा महिन्यांनी एमआरआय केला, अजून पांढरं दिसतंय. फसलं का?

त्यावरून म्हणता येणार नाही. हाडातली सूज चित्रात वर्ष-दीड वर्षही राहते. दुखणं कमी होत असेल तर चित्र मिटून ठेवा.

वर्षभराने पुन्हा दुखू लागलं तर?

पहिलं काम म्हणजे कारण शोधणं. दुखणं त्याच जागेचं आहे का, की पुढे वाढलेल्या हाडाच्या टोकाचं, आतल्या व्रणाचं, सैल लिगामेंटचं? सीटीवर पोकळी उरलेली किंवा वाढलेली दिसली तर फक्त छिद्रं पाडण्याचा प्रयोग पुन्हा करण्यापेक्षा हाड भरणारा मार्ग, म्हणजे दंडगोल किंवा हाड-आणि-पडदा, जास्त पटतो. आतल्या बाजूच्या इजेसाठी धातूची छोटी टोपी बसवण्याची पद्धतही आहे. ती मध्यमवयीन आणि आधीचं ऑपरेशन फसलेल्यांसाठी.

सांधा जखडून टाकणं किंवा कृत्रिम घोटा बसवणं हे संपूर्ण सांधा झिजल्यावरचे उपाय आहेत. एका ठिकाणच्या इजेसाठी ते कुणी पहिल्या भेटीतच सुचवलं तर दुसरं मत घ्या.

आत ठेवलेले स्क्रू काढावे लागतात का?

विरघळणाऱ्या पिना काढायच्या नसतात. आतल्या घोट्यावरचे स्क्रू कातडीच्या लगेच खाली असतात आणि बुटाला टोचतात, म्हणून काही जण हाड पक्कं जुळल्यावर, साधारण वर्षभराने, काढून घेतात. टोचत नसतील तर ते तसेच ठेवले तरी काही बिघडत नाही. पुढे त्या पायाचा एमआरआय करायचा झाला तर स्क्रू असल्याचं तंत्रज्ञाला आधी सांगा. त्यांच्या आजूबाजूचं चित्र थोडं धूसर येतं, एवढंच.